शिक्षा तिला एकटीलाच?

दरवर्षी भाद्रपदाच्या आसपास आमच्या येलदरीत एकच चौकशी चालू असते. वरून पाणी येतंय का? वरून म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातून. तिकडं खडकपूर्णा धरणाचे दरवाजे उघडले, की पूर्णा नदीतून ते पाणी आमच्या धरणात येतं आणि गावाचा जीव भांड्यात पडतो. मैत्रिणींनो, आज मला ज्या बाईंबद्दल सांगायचं आहे, त्याही त्याच बुलडाण्याच्या. त्यांचं नाव ताराबाई शिंदे. बी.ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा त्यांच्यावर दोन ओळी पाठ केल्या होत्या. 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक, साल १८८२, संपलं. परीक्षेत दोन गुण मिळाले आणि बाई विसरून गेल्या.

त्या पुन्हा आठवल्या आमच्या बचतगटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, कुणाच्या शेळीच्या कर्जाचं बोलून झालं आणि मग एकीनं पेपरातली बातमी काढली. ही बातमी आपल्या मराठवाड्यात अधूनमधून येतच असते. बाईनं लेकरांना घेऊन विहिरीत उडी मारली, लेकरं दगावली, तिला लोकांनी वर काढलं आणि तिच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. गाव बदलतं, बातमी तीच. आमच्यात लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, पोटच्या लेकरांना मारणारीला फाशीच द्यायला हवी. दुसरी म्हणाली, उडी मारायच्या आधी तिनं किती वर्षं सोसलं ते कुणी विचारलं का? खरं सांगू, मला दोघींचंही पटत होतं. ती लेकरं कुणाची काही लागत नव्हती का? आणि त्या बाईचं घरी काय चाललं होतं ते गावाला ठाऊक नव्हतं का?

त्या रात्री मी जुन्या पुस्तकांच्या ट्रंकेतून ताराबाईंना बाहेर काढलं. कारण त्यांचं पुस्तक जन्मलं तेच अशा एका खटल्यातून. लेकरू गेलेलं, आई गुन्हेगार ठरलेली आणि शिक्षा किती द्यायची यावर सगळे बोलतायत.

बापानं शिकवलेली लेक

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलडाण्यातला. त्यांच्या लहानपणीच वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. आमचा परभणीचा भाग मात्र निजामाच्याच राज्यात. घर मराठा, जमीनजुमला असलेलं. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याचे ते सभासद. भाऊ होते, पण मुलगी ही एकटीच. मुलींची शाळा तिथं नव्हती. मग वडिलांनी घरीच शिकवलं. मराठी तर आलीच, संस्कृत आणि इंग्रजीही शिकवली. विचार करा, त्या काळात वऱ्हाडातल्या एका मराठा घरात मुलगी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचतेय! आपल्याकडे अजून कितीतरी घरांत पेपर आधी पुरुषांच्या हातात जातो आणि दुपारी भाजी निवडायला आपल्याकडे येतो.

शिक्षण झालं, पण लग्नाच्या बाबतीत त्यांचंही काही वेगळं झालं नाही. लग्न लवकर लावून दिलं. फरक इतकाच की नवरा घरजावई म्हणून आला, त्यामुळे त्या माहेरीच राहिल्या. मूलबाळ झालं नाही. मराठा घराण्यातला बायकांचा पडदा होताच. आपण चार भिंतींच्या आत कोंडलेली बाई आहोत, जगाचा अनुभव आपल्याला कुठून असणार, असं त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या सुरुवातीला कबूल केलं आहे. पण माझ्या मते घरात बसलेल्या बाईला जे दिसतं ते कचेरीत बसलेल्याला दिसत नाही. विधवा भावजय कोपऱ्यात कशी जेवते, पाण्याला गेलेल्या बाईबद्दल मागं काय बोललं जातं, हे घरातल्याच बाईला कळतं.

सुरतेचा खटला

१८८१ साल. गुजरातेत सुरतेला विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला दिवस राहिले. १८५६ मध्येच विधवाविवाहाचा कायदा झाला होता, म्हणजे कागदोपत्री ती पुन्हा लग्न करू शकत होती. पण उच्च जातीत तसं लग्न करणाऱ्याला वाळीत टाकत. मूल झाल्याचं कळलं असतं तर तिला घरही उरलं नसतं आणि गावही. बाळ जन्मलं आणि तिनं ते मारलं. पोलिसांनी धरलं, खटला उभा राहिला आणि कोर्टानं फाशीची शिक्षा दिली.

अपिलात फाशी रद्द झाली आणि जन्मठेपेचं काळं पाणी झालं. पुढं तेही कमी होऊन पाच वर्षांवर आलं. गळफास, मग आयुष्यभराचं काळं पाणी, मग पाच वर्षं. गुन्हा तोच, बाई तीच, साक्षीपुरावेही तेच. मग मधल्या काळात बदललं काय? तिच्याकडे बघणाऱ्यांना तिची परिस्थिती दिसली, एवढंच. आपण आज कोर्टाच्या भाषेत ज्याला शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती म्हणतो, ती हीच.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती मलाही फार उशिरा कळली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत खुनाला दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेपेचं काळं पाणी. खुनाचं कलम लागलं की न्यायाधीशाला कितीही वाईट वाटलं तरी त्याला त्याखाली उतरता येत नव्हतं. पाच वर्षं ही शिक्षा त्या कलमात नव्हतीच. म्हणजे विजयालक्ष्मीला जे मिळालं ती दया होती, हक्क नव्हता. दया येईल की नाही हे आपल्या हातात नसतं. ज्या बाईच्या खटल्याचा पेपरांतून बोभाटा झाला तिला ती मिळाली. जिचं नाव छापून आलं नाही तिचं काय?

असंच एक नाव पुण्यातलं. काशीबाई. जोतिरावांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला असलेली तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्यानं तिला नादी लावलं आणि दिवस गेल्यावर हात वर केले. तिनं अब्रूच्या भीतीनं बाळ मारलं. तिला जन्माचं काळं पाणी झालं, अंदमानात. तिची शिक्षा काही उतरली नाही. ती घटना जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या जिवाला इतकी लागली की १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवून जावं. पुढं १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या, असं जोतिरावांनीच लिहून ठेवलं आहे. मला नेहमी वाटतं, गुन्ह्यामागची परिस्थिती कोर्टाच्याही आधी त्या दोघांनी ओळखली आणि ती बदलायला घेतली. ज्या बाईला दार उघडं मिळालं, तिच्यावर गुन्हा करायची वेळच आली नाही.

ताराबाईंचे वडील याच जोतिरावांच्या समाजाचे सभासद. तेव्हा सुरतेची बातमी बुलडाण्याच्या त्या घरात पोचली, ती काही नुसती बातमी म्हणून पोचली नसेल.

नऊ आण्यांचं पुस्तक

विजयालक्ष्मीवर वर्तमानपत्रांतून खूप लिहून आलं. पुण्याच्या 'पुणे वैभव' या पत्रानं या निमित्तानं सगळ्याच बायकांवर तोंड सोडलं. बायकांना नवं वारं लागलं, त्या बेताल झाल्या, असा एकूण सूर. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बाईजातीचा निकाल लावून टाकला. हे वाचून ताराबाईंचा संताप झाला आणि त्या लिहायला बसल्या. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचा निबंध छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तकाचं पूर्ण नाव लांबलचक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध, असा त्याचा अर्थ. आज साहसी म्हटलं की आपल्याला गड चढणारी मुलं आठवतात. इथं मात्र त्याचा अर्थ मागचापुढचा विचार न करता वाईट कामाला धजणारा असा आहे. म्हणजे प्रश्न सरळ होता. पापाला खरं कोण धजतं, बाई की पुरुष?

मग त्यांनी काय केलं? पुरुष बायकांना जे जे दोष लावतात ते एकेक पुढं घेतले. बाई संशयी, बाई चंचल, बाई कपटी, बाई अविचारी. आणि प्रत्येक दोष पुरुषाशेजारी ठेवून पाहिला. आपण वजनकाट्यावर दोन्ही पारड्यांत माल घालून बघतो ना, तसं. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, तिसरी करतो, मग नवरा गेल्यावर बाईनंच का बसून राहायचं? देव दोघांचा एकच ना? विधवेचे केस काढायचे, दागिने काढायचे, तिला शुभकार्यातून हाकलायचं, आणि मग तिच्याकडून अपेक्षा करायची की तिचं मन दगडाचं व्हावं. तिला फूस लावायला येणारा पुरुष मात्र काम झालं की उजळ माथ्यानं फिरतो. त्यांनी पोथ्यापुराणांनाही सोडलं नाही. देवांच्या कथांतही हाच न्याय कसा चालतो, हे त्यांनी बिनधास्त विचारलं. बिनपुनर्विवाहाची चाल ब्राह्मणांपुरती राहिली नाही, आपल्या मराठ्यांच्या घरांतही ती बायकांच्या गळ्याला लागली आहे, हेही त्यांनी सांगितलं. भाषा तर अशी की वाटावं, एखादी ठसकेबाज आत्याबाई ओसरीवर उभी राहून गावच्या पुढाऱ्यांना सुनावतेय. कुठं पुस्तकी गुळगुळीतपणा नाही.

पूर्वी हे पुस्तक मी रागावलेल्या बाईचं पुस्तक म्हणून वाचलं होतं. आता वाचलं तेव्हा मला त्यात वेगळंच दिसलं. बाळाला मारणं योग्य होतं असा दावा त्या करत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की गुन्हा बघताय तर पूर्ण बघा. शेवटचं एक पान वाचून निकाल देऊ नका, आधीची पानंही वाचा. त्या बाईला त्या खोलीपर्यंत कुणी आणून सोडलं? कायद्यानं दिलेली लग्नाची वाट कुणी बंद केली? मूल दोघांचं, मग आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीच का? विजयालक्ष्मीच्या वकिलानं कोर्टात काय सांगितलं असेल ते असो, पण तिची खरी बाजू मांडली ती बुलडाण्यात, कोर्टाची पायरीही न चढलेल्या एका बाईनं.

टीका आणि गप्प होणं

पुस्तकाचं कौतुक झालं असेल असं वाटतं ना? उलट झालं. टीका झाली, टिंगलटवाळी झाली. सुधारणेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्याच बाजूच्या काही पुरुषांनाही बाईनं असं तडातडा बोललेलं सोसलं नाही. जोतिराव मात्र ठाम उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाच्या पत्रिका काढल्या, त्यांत त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, लेकीसारखा त्यांचा उल्लेख केला आणि टीका करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना खडसावलं.

त्यानंतर ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिल्याचं आपल्याला माहीत नाही. ज्या बाईकडे एवढं सांगायला होतं, तिनं पुढं कागदाला हात लावला नाही. १९१० च्या आसपास त्या गेल्या. पाचशे प्रतींचं पुस्तक असं विस्मरणात गेलं की कुणाला नावही आठवेना. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा कुठं महाराष्ट्राला कळलं की असं कुणी होऊन गेलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते परदेशी विद्यापीठांत वाचलं जाऊ लागलं. जवळजवळ शंभर वर्षं एक कैफियत कुणी न वाचता पडून होती.

आज काय बदललं?

ही सगळी जुनी गोष्ट झाली, आता कायदे बायकांच्या बाजूचे आहेत, असं आमच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या. थोडं खरं आहे, थोडं नाही. मी जे वाचून आणि वकिलांना विचारून समजून घेतलं ते साध्या शब्दांत सांगते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण खुनाला आजही दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. काळं पाणी तेवढं गेलं. म्हणजे खून हाच शब्द ठरला तर बाईनं वीस वर्षं मार खाल्लेला असो की नसो, जन्मठेपेच्या खाली न्यायाधीशाला येता येत नाही. तिची परिस्थिती दोन ठिकाणी कामी येऊ शकते. पहिली जागा म्हणजे गुन्हा कोणता, हे ठरवताना. जीव वाचवण्यासाठी तिथल्या तिथं वार केला असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे तोल गेला असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. त्याला शिक्षा कमी होऊ शकते, न्यायाधीशाला तिथं हात मोकळा असतो. दुसरी जागा म्हणजे दोषी ठरवल्यानंतर. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. नव्या कायद्यातही ते आहे. विजयालक्ष्मीच्या वेळी ही सोय नव्हती. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यावी असं ठरवलं. मनाची विलक्षण घालमेल, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेलं कृत्य, अशा गोष्टी आरोपीच्या बाजूनं धरायच्या, हेही तिथं आलं.

पण त्या अचानक शब्दात गोम आहे. आपल्याकडचा गाजलेला नानावटी खटला आठवा, १९५९ चा. बायकोच्या प्रियकराला नौदलातल्या अधिकाऱ्यानं गोळी घातली. राग शांत व्हायला वेळ मिळाला होता म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये चिथावणीची सबब मानली नाही, जन्मठेप कायम केली. पुढं १९६४ मध्ये राज्यपालांनी त्याला माफी दिली. आता बाईचं बघा. पुरुषाला राग येतो तो बहुतेक त्याच घटकेला हात उचलतो. बाई मार खाते, भाकरी थापते, लेकरांना झोपवते, रात्रभर छताकडे बघत पडते. तिचा बांध फुटतो तो कधीतरी, कुणी काही केलेलं नसतानाही. मग कायदा म्हणतो, अचानक कुठं आहे?

याचं उत्तर एका बाईच्याच खटल्यात मिळालं, आणि तो खटला विहिरीचाच होता. तमिळनाडूतल्या सुयंबुक्कनीनं नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतली. मुलं गेली, ती वाचली. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मान्य केलं की चिथावणी एका क्षणाचीच असते असं नाही, ती वर्षानुवर्षं साठत जाणारीही असू शकते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईनं दहा वर्षं मारहाण सोसून नवऱ्याला पेटवून दिलं. तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. बाहेरच्या बायकांच्या संघटनांनी तिची बाजू लावून धरली. १९९२ मध्ये तिच्या मानसिक अवस्थेचे पुरावे वरच्या कोर्टात नव्यानं आले, खुनाचा निकाल गेला आणि भोगून झालेली शिक्षा पुरेशी धरून ती घरी आली. हे पुरावे पहिल्या खटल्याच्या वेळीही तिच्याजवळ होतेच की! ते कुणी नीट मांडलेच नव्हते. पुढं इंग्लंडनं कायदाच बदलला. तोल जाणं हे अचानकच असलं पाहिजे, ही अट २०१० पासून तिथं राहिली नाही. बाळंतपणानंतर मनाचा तोल गेलेल्या आईनं तान्हं बाळ मारलं तर तो खुनाहून वेगळा गुन्हा धरायचा, हेही त्यांनी १९२२ मध्येच ठरवलं होतं. आपल्याकडे तसं वेगळं कलम आजही नाही.

आपल्या हातात काय आहे?

मैत्रिणींनो, हे सगळं वाचून मला एक गोष्ट पक्की समजली. परिस्थिती कोर्टाला आपोआप दिसत नाही. ती कुणीतरी दाखवावी लागते, आणि नुसतं सांगून चालत नाही, कागद लागतो. इथंच आपण बायका कमी पडतो. नवऱ्यानं डोकं फोडलं तर दवाखान्यात पाय घसरून पडले म्हणून सांगतो. मीही एका बाईला घेऊन एकदा दवाखान्यात गेले होते, तेव्हा तिनं तसंच लिहून घेतलं आणि मी गप्प बसले. तिचं पुढं काही वावगं झालं नाही हे नशीब. पण उद्या तिच्यावरच वेळ आली असती तर सोसल्याचा एकही पुरावा तिच्याजवळ नव्हता. त्यात माझाही हात होता, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

म्हणून सांगते. मार बसला तर सरकारी दवाखान्यात खरं कारण लिहून घ्या, कागद जपून ठेवा. पोलिसांत गेलात तर तक्रार लेखी द्या, तिची पोच मागा, अदखलपात्र म्हणून नोंद झाली तरी तिची प्रत घ्या. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे घटनेचा अहवाल नोंदवता येतो, त्यासाठी वकील लागत नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आरोपी बाईलाही मिळतो, हे विसरू नका. १५१०० हा त्याचा नंबर. आणि शेजारणींनो, कोर्टात साक्षीला बोलावलं तर आम्हाला काही माहीत नाही म्हणून मान फिरवू नका. भिंतीपलीकडचा आरडाओरडा आपण वर्षानुवर्षं ऐकलेला असतो.

हे सगळं वेळेवर झालं तर आणखी मोठी गोष्ट घडते. बाई गुन्ह्यापर्यंत पोचतच नाही, लेकरं जिवंत राहतात, माणूसही जिवंत राहतो. सावित्रीबाईंनी उघडलेलं दार ते हेच होतं. आमच्या गटात जी मैत्रीण फाशी द्या म्हणत होती, तिचं म्हणणं म्हणूनच मी खोडून काढत नाही. विहिरीत गेलेल्या लेकरांच्या बाजूनंही कुणीतरी बोललंच पाहिजे. पण त्यांच्या बाजूनं बोलायची वेळ विहिरीच्या काठावर नसते, ती खूप आधी येऊन गेलेली असते.

पुढच्या बैठकीत मी त्यांना विजयालक्ष्मीची गोष्ट सांगितली. फाशीचं काळं पाणी झालं, काळ्या पाण्याची पाच वर्षं झाली, हे ऐकून बायकांना बरं वाटलं. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशी मात्र सुपारी कातरता कातरता थांबल्या. त्यांनी विचारलं, ते सगळं झालं गं, पण त्या लेकराच्या बापाला किती वर्षं झाली?

मी पुस्तक चाळलं. आपल्यापर्यंत आलेल्या त्या हकिगतीत त्याचं नावसुद्धा कुठं नाही. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, ताराबाईंचं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. तरी प्रश्न तोच निघाला. मी काही उत्तर दिलं नाही. तुमच्या जवळ आहे का?